खडूची अ‍ॅलर्जी

दाजींचा फोन आला तेव्हा माझ्या हातात खडू होता. सकाळची पहिली बॅच, फळ्यावर अर्धं लिहिलेलं समीकरण, समोर दीडशे मुलं-मुली. वर्गात फोन आणायचा नाही हा नियम माझाच. पण अक्का पाच दिवसांपासून नांदेडच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती, म्हणून तो टेबलावर डस्टरशेजारी ठेवला होता. "सुधाकर, शोभा गेली रे," दाजी म्हणाले. मागे कुणीतरी स्ट्रेचर ओढत होतं, त्याची चाकं तेवढी ऐकू आली. मी "निघतो" म्हणालो. फोन ठेवला, समीकरण पूर्ण केलं, दोन्ही बाजूंचे अणू मोजून दाखवले, हात झटकले आणि बसस्टँड गाठलं. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. हा रस्ता मी इतक्या वेळा केला आहे की खड्डे पाठ आहेत. त्या दिवशी अहमदपूर मागे पडल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. आता आपल्याला विचारणारं कुणी उरलं नाही, असं वाटलं. लोह्यापर्यंत ते टिकलं, आणि मग त्याची अशी लाज वाटली की शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. सख्ख्या बहिणीच्या अंत्यविधीला निघालेल्या माणसाला सुटल्यासारखं का वाटावं, ते सांगायला मी बसलो आहे. बसायलाच सात आठवडे लागले.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही दोघंच. वडील भोकरच्या तहसीलमध्ये कारकून होते. मी पाचवीत असताना ते गेले आणि आई आम्हाला घेऊन नांदेडला आली. आई शिवणकाम करायची, त्यामुळे माझी अंघोळ, केस, दप्तर, मार सगळं अक्काकडे. ती बोलायची फार. भाजीत मीठ जास्त पडलं तर आम्ही पहिला घास घ्यायच्या आत ते शेजारच्या काकूंना कळलेलं असायचं. दहावीच्या निकालाआधी मी एकदा तिला हळूच म्हणालो होतो की हिंदीचं काही खरं दिसत नाही. संध्याकाळी दूधवाल्यानं मला थांबवून विचारलं, "काय मालक, हिंदीत उडून राहिले म्हणं?" मी तिच्याशी चार दिवस बोललो नाही. तिला त्याचं खरंच आश्चर्य वाटलं. "मी फक्त काकूला सांगितलं. काकूनं गल्लीला सांगितलं, त्याला मी काय करू?" तिच्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या घरात चिडवण्याचं वाक्य होतं. पुढे ते माझ्या बाबतीत धोरण झालं.

अकरावीला मी लातूरला गेलो. नांदेड-परभणीकडची मुलं बारावीच्या मार्कांसाठी लातूरला खोली करून राहू लागली होती, त्या सुरुवातीच्या लाटेतला मी. आणि बारावीच्या वर्षी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, भूकंप झाला. त्याविषयी लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी एवढंच सांगतो की कॉलेजची मुलं ट्रकमधून औश्याच्या पुढे नेली जात होती, त्यात मी सहा दिवस होतो. दगड उचलायचे, मागे द्यायचे. मातीत रचलेले मोठे दगड होते ते. दोन्ही कोपरं आणि नडग्या सोलून निघाल्या. सातव्या दिवशी अक्का मला न्यायला आली आणि नांदेडला नेऊन तिनं त्या जखमा कोमट पाण्यानं धुतल्या, हळद-तेल लावलं. ती त्या वेळी पहिल्यांदा गप्प होती. मी रडत होतो आणि ती काहीच बोलत नव्हती, हे मला अजून आठवतं.

जखमा भरल्या. मी लातूरला परतलो. दोन-अडीच महिन्यांनी, जिथे जिथे सोललं होतं नेमक्या त्याच रेघांवर, लालसर चट्टे उठले. वर पांढुरका, चांदीसारखा पापुद्रा. खाजवलं की भुकटी पडायची. मग डोक्यात आलं, कंबरेवर आलं. लातूरच्या एका डॉक्टरांनी सोरायसिस म्हणून सांगितलं, तेव्हा तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. संसर्गजन्य नाही, लागत नाही, पण जातही नाही. जखमेच्या, मानसिक धक्क्याच्या निमित्तानं उठतो, असं ते म्हणाले. सुट्टीत घरी गेल्यावर आईला दाखवलं. आईनं आधी दाराची कडी लावली. मग चट्ट्यावरून बोट फिरवून म्हणाली, "कुणाला बोलू नको. शोभाचं जमून राहिलंय. लोक काय समजतील, कशाचं काय करतील." तिच्या डोळ्यांत जो शब्द होता तो तिनं उच्चारला नाही, त्या काळी अंगावर काहीही दिसलं की लोक एकाच रोगाचं नाव घ्यायचे. मी मान हलवली. आई पुन्हा म्हणाली, "आणि अक्काला तर मुळीच सांगू नको. तिच्या पोटात काही राहतं का?"

म्हणजे सुरुवात अशी झाली. अक्काचं लग्न मोडू नये म्हणून अक्कापासून लपवायचं. अक्काचं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात झालं. दाजी एस.टी.त वाहतूक नियंत्रक, सरळ माणूस, घोषणा करून करून घरातही मोठ्यानं बोलायची सवय. लपवण्याचं कारण तिथेच संपलं होतं. पण लपवणं चालू राहिलं. मग माझं लग्न व्हायचं होतं. मग मी 'सर' झालो.

भूकंपानंतर लातुरात लोक स्लॅबखाली झोपायला घाबरत. अंगणात, गच्चीवर, मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड उभी राहिली. भीती ओसरल्यावर ती रिकामी पडली आणि त्यातल्याच एका शेडमध्ये आम्ही तिघा मित्रांनी केमिस्ट्री-फिजिक्सचे क्लास सुरू केले. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की मुलं वह्यांनी वारा घेत लिहायची. मी तशातही पूर्ण बाह्यांचा, मनगटाला बटण लावलेला शर्ट घालायचो. मुलांना वाटायचं सर शिस्तीचे. पुढे शेडच्या जागी मजल्यांची इमारत झाली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचे फलक लागले, उमरी-भोकरपासूनची मुलं येऊ लागली. शर्ट तोच राहिला. मला फळा मोठा आवडायचा आणि खडू भरपूर लागायचा. खांद्यावर जे पांढरं पडायचं त्यात खडू किती आणि मी किती, हे कुणाला कळत नसे. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: खडूची अ‍ॅलर्जी आहे. लग्नानंतर आठवड्याभरात बायकोनं उशीवर हात फिरवून विचारलं, "हे काय पडलंय?" मी म्हणालो, "खडू." तिनं माझ्याकडे पाहिलं, अभ्रा झटकला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्या आजाराचं नाव खडू पडलं. "आज खडू जास्त दिसतोय." "खडूचं मलम संपलंय." ती त्यापुढे काही विचारत नसे आणि मी तिला पाठीला हात लावू देत नसे. पाठीसाठी मी एका लाकडी फूटपट्टीला कापड गुंडाळून ठेवलं होतं. त्या पट्टीनं मलम लावायचो. अजून लावतो.

अक्कापासून लपवणं सगळ्यात अवघड जायचं ते भाऊबीजेला. आमच्याकडे बहीण भावाला पाटावर बसवून तेल-उटणं लावून न्हाऊ घालते, आणि अक्काला हे साग्रसंगीत करायचं असायचं. मी कोपरं आधीच मलमानं साफ करून, बनियन घालून पाटावर बसायचो. "काढ की ती," ती म्हणायची. "तुला न्हाऊ घालू का बनियनीला?" मी म्हणायचो, सर्दी आहे. "दरवर्षी भाऊबीजेलाच कामून सर्दी हुती रे तुला? लातूरची हवा लई शिकलेली दिसती." दाजी बाहेरून ओरडायचे, "अगं, लाजत असंल तो, सर हाय आता." आणि ती बनियनवरूनच तेल थापायची, सगळी पाठ चिकट करून टाकायची, आणि वर बडबड चालू. लोह्याजवळच्या एका गावात ती प्राथमिक शिक्षिका होती. वर्षभराची शाळा त्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यावर ओतायची.

पंधरा वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात केमो झाली, आजार दबला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की तो पुन्हा उठू नये म्हणून स्टेम सेल बदलाव्या लागतील. म्हणजे तिची स्वतःची मज्जा औषधांनी रिकामी करायची आणि दुसऱ्या कुणाच्या रक्तातल्या मूळ पेशी तिथे पेरायच्या. त्या जुळणारा माणूस हवा. सख्खा भाऊ मी एकटाच. तपासणी झाली, पूर्ण जुळलो. अक्कानं फोनवर पहिलं वाक्य काय बोलावं? "बघ, लहानपणी तुला इतकं धुतलं, वाया न्हाई गेलं."

हैदराबादला दात्याची वेगळी तपासणी असते. त्याआधी पंधरा दिवस मी कडक मलम लावून कोपरं जवळजवळ साफ केली होती. का, ते विचारू नका. सुई कोपराच्या आतल्या बाजूला लागणार हे मला माहीत होतं एवढंच. एक तरुण डॉक्टर फॉर्म वाचत होता, दक्षिणी वळणाच्या हिंदीत. शुगर? बीपी? दमा? कावीळ? "स्किन का कुछ? एक्झिमा, सोरायसिस?" मी म्हणालो, "नहीं." प्रश्न संपायच्या आत म्हणालो. त्यानं हात उलटा करून कोपर पाहिलं. फिकट डाग राहिला होता. "ये?" मी म्हणालो, "चॉक की अ‍ॅलर्जी है. टीचर हूँ." तो हसला. त्याचे वडीलही शिक्षक होते म्हणाला. आणि त्यानं फॉर्मवर तसं लिहिलं.

अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की सोरायसिस आहे म्हटलं असतं तर त्यांनी मला नाकारलं असतं, अक्का मेली असती, म्हणून मी खोटं बोललो. हे कारण चांगलं आहे, पण ते मी नंतर शोधलं. त्या क्षणी दाराशी दाजी उभे होते. दाजींनी ऐकलं असतं. ते मोठ्यानं बोलणारे. बस… तेवढंच कारण होतं. आणि नाही म्हणायची सवय.

पाच दिवस मला इंजेक्शनं दिली, पेशी रक्तात उतराव्यात म्हणून. हाडं ठणकायची, आणि त्या इंजेक्शनांनी माझी पाठ जशी पेटली तशी आधी कधी पेटली नव्हती. मी शर्ट घालूनच मशीनवर बसलो. बाह्या वर, कोपरं उशीत रुतवून चार तास. एका हातातून रक्त मशीनमध्ये जायचं, पेशी गाळून दुसऱ्या हातातून परत यायचं. छोटी पिशवी भरली, टोमॅटोच्या पातळ साराच्या रंगाची. दुसऱ्या मजल्यावर काचेपलीकडे अक्काला ती चढवली. तिनं काचेतून मला नमस्काराची खूण केली आणि मग जीभ दाखवली.

अक्का बरी झाली. हे मी पुन्हा पुन्हा लिहायला तयार आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यानंतरचं आहे. तिचा रक्तगट 'ए' होता तो काही महिन्यांत माझा 'बी' झाला. याचं तिला अपार कौतुक. शाळेत, बसमध्ये, भाजीवाल्याला सांगायची: "आता माझ्यात पुरुषाचं रक्त हाय, नीट तोल." कॅन्सर परत कधीच आला नाही.

वर्ष होत आलं असेल. तिच्या कोपरांवर, डोक्यात, मग पाठीवर लाल चट्टे उठले. हैदराबादच्या डॉक्टरांना जे आधी वाटायला हवं तेच वाटलं: दात्याच्या पेशी कधी कधी रुग्णाच्या शरीराला परकं समजून त्यावर हल्ला करतात, त्वचेवर तो पहिल्यांदा दिसतो. प्रसंगी तो जिवावर बेततो. म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या वाढवल्या. चट्टे गेले. गोळ्या कमी केल्या, चट्टे दुपटीनं आले. पुन्हा वाढवल्या. असं दीड वर्ष. तिचा चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली, आणि शेवटी दोन्ही खुब्यांची हाडं आतून वाळली. चाळिशीच्या आसपासच तिच्या हातात काठी आली. फळ्यापाशी उभं राहून शिकवणारी बाई खुर्चीवर बसून शिकवू लागली.

मी हे सगळं पाहत होतो. मला कळत होतं का? कोपराच्या मागच्या बाजूला, केसांच्या रेषेवर, कंबरेच्या खळगीत… मी रोज आरशात तेच पाहत होतो. कळत होतं. पण हे असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेण्यासाठी कुणाला तरी विचारावं लागलं असतं.

शेवटी नांदेडच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिच्या चट्ट्याचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आला तेव्हा त्यांनी अक्काला विचारलं, घरात कुणाला सोरायसिस? अक्का म्हणाली, नाही. ज्यानं पेशी दिल्या त्याला? अक्का म्हणाली, "त्याला मी माझ्या हातानं अंघोळ घातली हो, त्याला काही न्हाई." तरी त्या बाई म्हणाल्या, एकदा विचारा. अक्कानं दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन केला. मी दोन तासांमधल्या सुट्टीत होतो.

"सुध्या, तुला अंगावर काही हाय का रे?"

"काय म्हणजे?"

"चट्टे-बिट्टे. सोरायसिस म्हणतेत ह्या. तुझ्या पेशींतून आलं असंल म्हणतेत."

"नाही," मी म्हणालो. "खडूची थोडी अ‍ॅलर्जी आहे, तेवढीच."

पलीकडे एक ऑटो गेली. मग अक्का म्हणाली, "बरं." माझी अक्का, जिला एका शब्दात काही बोलता येत नसे, ती नुसतं बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

हैदराबादचा फॉर्म भरताना मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. या दुसऱ्या वेळी तेही म्हणता येत नाही. दाजी दाराशी नव्हते. विचारणारी तीच होती, आणि उत्तरावर तिची औषधं ठरणार होती. त्या बाईंनी माझ्या उत्तराची वाट न पाहता अहवालावर विश्वास ठेवला, हैदराबादशी बोलून स्टिरॉइड हळूहळू बंद केलं, मलमं आणि प्रकाशाचे उपचार सुरू केले, आणि अक्काची त्वचा बरीच सुधारली, हे तिचं नशीब. माझं त्यात काही नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी लातूरच्या एका डॉक्टरांना विचारलं. एका विद्यार्थ्याच्या मामांची गोष्ट म्हणून. ते म्हणाले, असं होतं, क्वचित. या आजाराची मुळं मज्जेतून निघणाऱ्या पेशींतही असतात, पेशी गेल्या की त्यांच्यासोबत जाऊ शकतो. उलटंही होतं म्हणाले, निरोगी दात्याच्या पेशींनी रुग्णाचा जुना सोरायसिस नाहीसा झालेलाही पाहिला आहे. मी विचारलं, दात्यानं आधी सांगितलं असतं तर? ते म्हणाले, "तरी त्यालाच घेतलं असतं. जुळणारा दुसरा होता कुठं? पण चट्टे उठल्यावर पहिल्याच दिवशी ते डॉक्टरांच्या डोळ्यापुढं आलं असतं." मी आभार मानून उठलो. म्हणजे खरं बोलून काही बिघडणार नव्हतं. आणि खोटं बोलून तिचे खुबे गेले असावेत. 'असावेत' हा शब्द मी जपून वापरतो आहे. स्टिरॉइड तिला काही प्रमाणात द्यावंच लागलं असतं. किती, हे कुणीच सांगू शकत नाही. यंदा पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला तो कशामुळे, तेही नाही.

त्या फोननंतरची भाऊबीज सांगतो. मी नेहमीसारखा गेलो. अक्काला आता खाली बसता येत नसे, म्हणून न्हाणीत पाटामागे स्टूल ठेवलं होतं. मी शर्ट काढला, बनियनवर पाटाशी आलो आणि 'काढ की ती' ची वाट पाहत थांबलो. पाटावर दाजींची एक जुनी बनियन धुऊन घडी करून ठेवलेली होती, बाह्यांची, गळ्यापर्यंत बंद. "ही घाल," अक्का म्हणाली. "तुझी चांगली कशाला तेलात घालायची." आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बदलून होईपर्यंत ती भिंतीकडे पाहत उटणं कालवत बसली. मग स्टुलावरून वाकून तिनं त्या बनियनवरून माझ्या पाठीला तेल लावलं. जिथे जिथे माझे चट्टे होते तिथे हात हलका होत होता. हे मी कल्पनेनं लिहीत नाही. खांद्याखाली हलका, कंबरेच्या खळगीत हलका. तिला जागा ठाऊक होत्या; तिच्याही तिथेच होत्या.

तेल लावता लावता ती म्हणाली, "एक सांगू का, तुझं रक्त आल्यापासून माझ्या पोटात लई गोष्टी राहायल्यात बघ. पहिलं कुठं राहायचं काही?"

मी हसलो. मी तेव्हा बोलायला हवं होतं, तिनं दार पूर्ण उघडून धरलं होतं. मी हसलो, आणि दरवर्षी ती घडी केलेली बनियन घालून पाटावर बसत राहिलो, आणि ती दरवर्षी भिंतीकडे तोंड करून उटणं कालवत राहिली. तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. ना काकूला, ना आईला, ना दाजींना. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तीही हेच समजून की शोभाच्या पोटात काही राहत नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दाजी ओसरीवर अक्काचा औषधांचा डबा घेऊन बसले होते, न फोडलेल्या पट्ट्या आणि ट्यूबा वेगळ्या काढत, मेडिकलवाल्याला परत द्यायला. मी समोर बसलो आणि म्हणालो, "दाजी, तिच्या अंगावर जे उठलं ते माझं होतं." मग सगळं सांगितलं. फॉर्म, खडू, फोन. दाजींच्या हातातली ट्यूब हातातच राहिली. ते बोलले ते इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या रे तिनं. शाळेतली पोरं ओळखायची न्हाईत तिला."

"हो."

"आणि खुबे."

"हो."

"ह्याच्यासाठी? लोक काय म्हणतील म्हणून?"

ते उठून आत गेले. मला वाटलं आता निघावं. मी पिशवी उचलली. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती बनियन होती. तेलानं पिवळी पडलेली, न्हाणीतल्या खुंटीवरून काढलेली. "ही माझी हाय," ते म्हणाले. "मागितली की द्यायची न्हाई. सुध्याची हाय म्हणायची. म्हणलं, त्याला लातुरात बनियन मिळत न्हाई का? तर म्हणली, मिळती, पर त्याला हीच लागती. मला वाटलं बहीण-भावाची काही गंमत असंल." ते बनियनकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "शर्ट काढ."

दुपारचं ऊन ओसरीवर होतं आणि दार उघडं होतं. मी बटणं काढली. मग आतली बनियनही. दाजी मागे गेले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "तसंच," ते म्हणाले. "हुबेहूब तसंच." त्यांचं बोट माझ्या पाठीच्या मधोमध, दोन खांद्यांच्या जरा खाली टेकलं. "इथं तिचा हात पोचायचा न्हाई. मी लावून द्यायचो. रोज, अंघोळीनंतर."

त्यांनी मला माफ केलं, असं मी म्हणत नाही. त्यांनी तसं काही म्हटलेलं नाही, आणि त्यानंतर आमचं फोनवर बोलणं झालं तेही कामापुरतं. हे छापून येणार आहे हे मात्र मी त्यांना सांगितलं. "लिही," एवढंच म्हणाले, मोठ्यानं, पहिल्यासारखं. बनियन त्यांनी त्याच दिवशी परत न्हाणीतल्या खुंटीला अडकवली; ती तिथेच आहे. मी मागितली नाही.

पण बनियन अडकवायला आत जाण्याआधी, बोट तसंच पाठीवर ठेवून, त्यांनी मला एक विचारलं होतं.

"तुझा पोचतो का रे?"

"नाही," मी म्हणालो. "पट्टीनं लावतो."